जेवणाऐवजीं

वकिलाला एक खोड असते. कोणताही कागद पुढें आला कीं आशयाआधीं त्याची नजर शब्दांवर जाते. वजन उतरविण्यासाठीं दुधांत किंवा पाण्यांत घुसळून घ्यावयाची जी भुकटी हल्लीं घरोघर दिसते, आणि जिला सगळे 'शेक' म्हणतात, तिच्या डब्यावर इंग्रजींत जें बिरुद छापलेलें असतें त्याचा सरळ मराठी अर्थ 'जेवणाऐवजीं घ्यावयाचें पेय' असा होतो. 'ऐवज' हा शब्द आमच्या व्यवसायांत रोजच्या वापरांतला. एका वस्तूच्या ऐवजीं दुसरी द्यावयाची तर दोहोंचें मोल आधीं ठरवावें लागतें. भुकटीचें मोल डब्यावर छापलेलें असतें. जेवणाचें मोल कोणीं व कोणत्या मापानें ठरवावयाचें, हा प्रश्न आम्ही गेलीं दोन वर्षें मनांत बाळगून आहों. आणि तो नुसता तर्काचा खेळ नसून आमच्या देहाशीं निगडित असल्यामुळें वाचकांपुढें मांडावासा वाटला.

आमचे वडील मधुमेहानें गेले. शेवटच्या काळांत त्यांचा एक पाय कापावा लागला, मग दृष्टि अधू झाली. ज्या देवळांतली सोमवारची पालखी त्यांनीं तीस वर्षें सहसा चुकविली नव्हती, त्याच देवळाच्या पायऱ्यांपाशीं त्यांना खुर्चीसकट उचलून न्यावें लागे, आणि ते डोळे मिटून घेत. आम्हीं चाळिशी ओलांडली तेव्हां आमचें वजन ९१ किलो झालें होतें. हिंदी पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आंत असावा असें वैद्यक सांगतें. आमचा १०१ होता. रक्तांतील साखर अजून कुंपणावर बसलेली होती, पण तिचें तोंड कोणत्या बाजूला आहे हें स्पष्ट दिसत होतें. वडिलांवर उपचार करणारे डॉक्टरच आम्हांला तपासतात. ते म्हणाले, "वकीलबाब, तुमच्या वडिलांची फाइल अजून माझ्या कपाटांत आहे. तुमची आतां तिच्याच जाडीची होऊं लागली आहे." आणि त्यांनीं बारा आठवड्यांसाठीं दोन वेळचें जेवण बंद करून त्या जागीं हें पेय लिहून दिलें, तिसरें जेवण घरचें, आणि दर महिन्याला रक्ततपासणी.

आतां या पेयांत असतें काय? दुधाचें किंवा सोयाबीनचें प्रथिन, थोडी साखर अथवा तिच्या जागीं कृत्रिम गोडी, थोडें तेल, पोट साफ राहावें म्हणून कांहीं तंतु, आणि जीवनसत्त्वें व क्षार यांची लांबलचक यादी. अन्नाच्या आंतरराष्ट्रीय मानकांचा जो संग्रह 'कोडेक्स' या नांवानें ओळखला जातो, त्यांत १९९१ सालीं अशा आहाराचें माप ठरलें. एका जेवणाच्या जागीं घ्यावयाच्या पदार्थांत २०० पेक्षां कमी व ४०० पेक्षां अधिक उष्मांक नसावेत, आणि त्यांतील चतुर्थांश ते निम्मे प्रथिनांतून यावेत, असें तें माप आहे. त्या शेजारीं आमचें दुपारचें पान ठेवून पाहावें. शिजलेल्या भाताच्या शंभर ग्रॅमांत सुमारें १३० उष्मांक असतात. आमच्या पानांत पहिल्या वाढीलाच तीनशें ग्रॅम भात पडत असे. त्यावर नारळाच्या रसाचें हुमण, बाजूला तळलेली मासळी, आणि सोलकढीसाठीं पुन्हां भात. सोमवारीं मासळी नसे, पण तिची उणीव वरणाची दुसरी वाढी भरून काढी. हा सगळा हिशेब आम्हीं प्रथमच कागदावर मांडला, आणि उलटतपासणींत साक्षीदार जसा एकाएकीं गप्प होतो तसे गप्प झालों.

ही कल्पना कांहीं आजची नव्हे. अमेरिकेच्या इंडियाना राज्यांतील मीड जॉन्सन या कंपनीनें १९५९ सालीं 'मेट्रेकॅल' नांवाचें पेय बाजारांत आणलें. अन्न गिळूं न शकणाऱ्या रोग्यांसाठीं तीच कंपनी एक भुकटी आधींपासून बनवीत होती; त्याच अनुभवावर हें नवें पेय उभें राहिलें. दिवसाला चार पेले, मिळून ९०० उष्मांक, आणि दुसरें कांहीं नाहीं. म्हणजे आजाऱ्याच्या खाटेपाशीं जन्मलेली वस्तु निरोग्याच्या मेजावर येऊन बसली. पुढें या वाटेवर अनर्थही झाले. १९७७-७८ मध्यें तेथें 'द्रव प्रथिना'ची लाट आली. जनावरांच्या कातडीपासून काढलेलें तें निकृष्ट प्रथिन, आणि दिवसाकाठीं चारशेंहूनही कमी उष्मांक. त्यावर राहिलेल्यांपैकीं सुमारें साठ जण दगावल्याची नोंद झाली, त्यांतील कित्येक हृदयाची लय बिघडून. नंतर १९८८ च्या नोव्हेंबरांत ओप्रा विन्फ्री या दूरदर्शनवरील प्रख्यात बाई अशाच पेयावर ६७ पौंड उतरवून, तेवढी चरबी एका गाडींत भरून ती ओढीत प्रेक्षकांपुढें आल्या. ती सगळी चरबी पुन्हां अंगावर आल्याचें पुढें त्यांनींच उघडपणें सांगितलें. आम्हांला त्या बाईंच्या गाडीपेक्षां या कबुलीचें कौतुक अधिक वाटतें.

इतकें वाचून कोणी म्हणेल, मग हें सगळें थोतांडच. तसें म्हणतां येत नाहीं, आणि याच ठिकाणीं आमचा आधींचा पूर्वग्रह आम्हांला बाजूला ठेवावा लागला. ग्लासगोचे माइक लीन आणि न्यूकॅसलचे रॉय टेलर या प्राध्यापकांनीं स्कॉटलंड व टाइनसाइड येथील साध्या दवाखान्यांतून सुमारें तीनशें मधुमेह्यांवर एक चांचणी केली. तिचा निष्कर्ष डिसेंबर २०१७ मध्यें 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झाला. रोग जडून सहा वर्षांहून अधिक काळ न लोटलेले आणि इन्सुलिन न घेणारे असे हे रोगी. त्यांतील निम्म्यांना तीन ते पांच महिने दिवसाला सुमारें साडेआठशें उष्मांकांच्या पेयांवरच ठेवलें, नंतर हळूहळू अन्न सुरू केलें, आणि त्यापुढेंही नियमानें तपासणीला बोलावलें. वर्षाअखेर त्यांच्यापैकीं ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना निरोग्याच्या पातळीवर होती. नेहमींचेच उपचार घेणाऱ्यांत हें प्रमाण ४ टक्के होतें. ज्या रोगानें आमच्या वडिलांचा पाय नेला, तो प्रारंभींच गांठला तर मागें हटूं शकतो, हें वाचून आम्ही रात्रीं बराच वेळ जागे होतों. मात्र त्याच चांचणीचा पुढला भागही वाचला पाहिजे. दुसऱ्या वर्षाअखेर ४६ चे ३६ झाले, आणि पांच वर्षांनंतर हा आंकडा आणखी पुष्कळ खालीं आला. ज्यांचें वजन परत आलें, त्यांचा रोगही बहुधा त्याच्या मागोमाग परत आला.

हें पेय काम कसें करतें, याविषयीं डब्यावर पुष्कळ गूढ शब्द असतात. आमचा अनुभव त्याहून साधा आहे. त्यांत जादू नाहीं, माप आहे. जेवायला बसलेल्या माणसाला दर दोन मिनिटांनीं एक निर्णय द्यावा लागतो. भात आणखी घ्यावा का, पोळी अर्धी कीं सबंध, गोड नाहीं म्हटलें तर वाढणाऱ्याला काय वाटेल. दिवसभर कोर्टांत शब्दांशीं झुंजून आलेल्या आमच्यासारख्या माणसाची निर्णयशक्ति रात्रीं नऊ वाजतां संपलेली असते, आणि मग निकाल नेहमीं भाताच्या बाजूनें लागतो. पेयानें हा सगळा खटला पटावरूनच काढला. एक माप भुकटी, एक पेला साय काढलेलें दूध, संपलें. बारा आठवड्यांत आमचें वजन ९१ चें ८२ झालें, आणि साखर कुंपणावरून आंतल्या बाजूला उतरली. जिन्यावर धाप लागेनाशी झाली, हें तर आमच्या कारकुनानें आमच्या आधीं हेरलें.

तथापि जें सोसावें लागलें तेंही सांगितलें पाहिजे. पहिल्या आठवड्यांत साडेअकराच्या सुमारास डोकें गरगरे, आणि समोरच्या वकिलाचा युक्तिवाद आम्हांला आहे त्याहून अधिक रटाळ वाटे. पोट साफ होत नसे. जें चावावें लागत नाहीं तें खाल्लें असें पोटाला पटतच नाहीं; पेला रिकामा झाल्यावर दांत जणूं कामावांचून बसून राहत. वजन झपाट्यानें उतरलें तर पित्ताशयांत खडे होण्याचा संभव वाढतो, अशी ताकीद डॉक्टरांनीं आधींच दिली होती. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीं, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बायकांनीं, आणि वाढत्या वयाच्या मुलांनीं ही वाट आपल्या मनानें धरूं नये, हेंही त्यांचेंच सांगणें.

औषधांचा प्रश्न याहून गंभीर आहे, आणि तो आमच्यापर्यंत रोगी म्हणून नव्हे तर वकील म्हणून आला. एक बाई एके दिवशीं कचेरींत आल्या. (ओळख पटूं नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) त्यांच्या यजमानांना मधुमेह, साखर उतरविणारी गोळी चालू. बाईंच्या जाऊबाई असल्या डब्यांची विक्री करतात, आणि सभासद जोडून देतात. त्यांनीं मोठ्या मायेनें, अगदीं कमी भावांत, पांच डबे आणून दिले, आणि दोन्ही वेळचें जेवण सोडायला सांगितलें. गोळीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाहीं. जेवण अर्ध्यावर आलें आणि गोळी होती तेवढीच राहिली, तर साखर जाईल कोठें? चौथ्या दिवशीं ते गृहस्थ बसस्थानकावर घाम फुटून कोसळले. एका कंडक्टरानें प्रसंग ओळखून साखरेचें पाणी पाजलें म्हणून निभावलें. वर सांगितलेल्या चांचणींत डॉक्टरांनीं पहिल्याच दिवशीं मधुमेहाच्या गोळ्या थांबविल्या होत्या. मायेनें दिलेल्या डब्याबरोबर हा डॉक्टर येत नाहीं.

बाईंनीं विचारलें, "वकीलबाब, कायद्यांत ह्याला कांहीं आहे का?" पुष्कळ आहे. आक्षेपार्ह औषधी जाहिरातींना आळा घालणारा १९५४ चा कायदा आहे. त्याच्या परिशिष्टांत मधुमेह आणि लठ्ठपणा हीं दोन्ही नांवें आहेत. परंतु त्यांतील औषधाच्या व्याख्येंत, शरीराच्या रचनेवर वा व्यापारावर परिणाम करणाऱ्या वस्तूंविषयीं बोलतांना, 'अन्नाव्यतिरिक्त' हा शब्द येतो. भुकटी नेमकी त्या शब्दाच्या आडोशाला उभी राहते : आम्ही औषध नव्हे, आम्ही अन्न. तीच भुकटी विक्रेत्याच्या तोंडून मात्र रोग बरा करीत असते; आणि असा दावा झाला तर तो आडोसा पुरत नाहीं, असें आमचें मत आहे. शिवाय अन्न म्हटलें तरी सुटका नाहींच. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या ५३ व्या कलमाप्रमाणें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. डब्यावरचा चौदा आंकडी परवाना म्हणजे त्या पेयाच्या गुणाचा दाखला, असें पुष्कळांना वाटतें. तो केवळ धंदा करण्याचा परवाना असतो. डिसेंबर २०२१ मध्यें थेट विक्रीचे नियमही झाले. त्यांप्रमाणें विक्रेत्यानें ओळखपत्र बाळगल्याशिवाय आणि आगाऊ वेळ ठरविल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या घरीं जाऊं नये. हा नियम ऐकून त्या दुःखांतही बाईंना हंसूं आलें. आमच्याकडे जाऊ जावेकडे मागील दारानें येते, आणि हातांत ओळखपत्र नसून अळूची जुडी असते.

फिर्याद करावी असें आम्हीं सुचविलें नाहीं, आणि बाईंनाही ती नको होती. त्यांचा प्रश्न निराळा होता. दोन्ही घरांची देवळांतली सेवा एकाच दिवशीं असते. कोर्टाची पायरी चढल्यावर त्या दिवशीं एकमेकींच्या शेजारीं उभें कसें राहावयाचें? शेवटीं आम्हीं पत्र लिहिलें तें कंपनीला. न फोडलेले तीन डबे परत गेले आणि त्यांचे पैसे आले. जाऊबाईंना मात्र आम्हीं समोर बसवून गोळीचा मुद्दा समजावला. त्या रडूं लागल्या. त्यांनाही तो कोणीं कधीं सांगितला नव्हता. त्यांच्या शिकवणीच्या वर्गांत फक्त माणसें कशीं जोडावीं हें शिकवीत.

आतां पंगतीविषयीं. बारा आठवड्यांच्या मध्यावर आमच्या कुलदैवताची समाराधना आली. पान मांडलेलें, भात, वरण, खतखतें, मुगागाठी, शेवटीं मणगणें. दुपारचें जेवण तर आमच्या कागदावर बंद. पेयाची बाटली देवळाच्या आवारांत नेण्याचा विचार मनांत येऊन गेला, आणि तो टिकला नाहीं. आम्ही पंगतींत बसलों आणि हात आंखडता घेऊं लागलों, तेव्हां पलीकडच्या पानावरून माई, म्हणजे आमच्या वडिलांची चुलत बहीण, मोठ्यानें म्हणाली, "जेवना जाल्यार पंगतींत बसलो कित्याक रे?" पंगत हंसली. माईच्या प्रश्नाला उत्तर नव्हतें. प्रसादाचें पान हें उष्मांकांच्या वहींत मांडतां येत नाहीं. तेथें आपण जेवण्यापुरते जात नाहीं, तर चार घरांबरोबर एका ओळींत बसण्यासाठीं जातों. त्या दिवशीं आम्हीं पानांत आलें तें सगळें जेवलों, फक्त दुसरी वाढी नाकारली, आणि दोन्ही पेले सकाळ-संध्याकाळवर ढकलले. डॉक्टरांना हें सांगितलें तेव्हां ते म्हणाले, हें तुम्हीं विचारलें असतें तर मीं हेंच सांगितलें असतें.

परंतु याचा अर्थ आमचें जुनें सगळें बरोबर होतें असाही घेऊं नये. पूर्वजांना सगळें ठाऊक होतें असें म्हणणारी मंडळी आमच्या समाजांत पुष्कळ आहेत, आणि त्यांतील बहुतेकांच्या कमरा आमच्याहून मोठ्या आहेत. एकादशीला भात सोडून साबुदाण्याची खिचडी खाणें हा आहार कमी करण्याचा मार्ग नव्हे. पेजेचें उदाहरण नेहमीं दिलें जातें. उकड्या तांदळाची पेज, सोबत लोणच्याची फोड, ही दहा-अकराच्या सुमाराची आमची खरी 'ऐवजीं'. ती हलकी, स्वस्त, पोटाला निववणारी, हें सारें मान्य. पण तिच्यांत प्रथिनें नांवालाच असतात, आणि शेतांतून येऊन ती पिणारा माणूस पुन्हां शेतांत जात असे. आम्ही खुर्चीवरून उठून दुसऱ्या खुर्चीवर जातों. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ मध्यें आहाराचीं जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत प्रथिनांच्या विकत मिळणाऱ्या भुकट्या टाळण्याचा सल्ला आहे. डाळी, दूध, अंडीं, मासळी यांतून तीं मिळूं शकतात, हें सरळच आहे. तरी आमच्या डॉक्टरांनीं भुकटी दिली ती प्रथिनांच्या लोभानें नव्हे. ठराविक मुदतीपुरतें माप बांधून देण्यासाठीं दिली.

आमच्या कामाच्या भाषेंत सांगावयाचें तर हा तात्पुरता मनाई हुकूम आहे. मूळ दावा चालू असतांना मालमत्तेची नासाडी होऊं नये म्हणून कोर्ट असा हुकूम देतें, आणि तो मिळाला कीं पक्षकार पेढे वाटतो. मनाई हुकुमावर वर्षानुवर्षें काढणारे आणि दाव्याच्या तारखेला गैरहजर राहणारे पक्षकार आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. एके दिवशीं दावाच निकालांत निघतो, आणि त्याबरोबर मनाईही जाते. डबे संपल्यावर बहुतेकांचें वजन असेंच परत येतें. पेयानें भूक आवरली, पण भाताच्या तपेल्यापाशीं उभें राहून किती घ्यावें हें त्यानें शिकविलें नव्हतें; तें काम त्याचें नव्हेच.

आमचे खरे कठीण दिवस तेराव्या आठवड्यापासून सुरू झाले. एकेक जेवण परत आणावयाचें, पण जुन्या मापानें नव्हे. भात एक वाटी, भाजी दोन, मासळी तळलेली नव्हे तर हुमणांत, आणि नारळाचा रस पातळ. कोर्टांतून परततांना गाडी एक मैल आधीं सोडून चालत यावयाचें. सौभाग्यवतींनीं पहिल्या महिन्यांत हें सगळें निमूटपणें केलें. दुसऱ्या महिन्यांत विचारलें कीं निराळा स्वयंपाक फक्त तुमच्यासाठीं कां, मुलांची आजोबांशीं नात्याची कांहीं वेगळी शाखा आहे का? तेव्हांपासून घरांत एकच स्वयंपाक होतो. थोरल्या मुलाची याबद्दल तक्रार आहे, आणि ती त्यानें आपल्या आजीकडे दाखल केली आहे.

खटला लांबला आणि जेवायला फुरसत मिळाली नाहीं, तर एखादा पेला आम्ही अजूनही घेतों. वडा-पावापेक्षां तो निश्चित बरा. आज वजन ८५ आहे. म्हणजे उतरलेल्या नऊ किलोंपैकीं तीन परत आले, आणि त्यांतले दोन गेल्या चतुर्थीनंतरचे आहेत. साखर अद्याप कुंपणाच्या आंतच आहे. डॉक्टरांनीं पुढली तारीख मार्गशीर्षांतली दिली आहे.